अकरा महिन्यांचा करार, दहा वर्षांची गोष्ट

नागपूरच्या प्रताप नगरात वरच्या मजल्यावरची खोली विद्यार्थ्यांना द्यायची म्हटली, की करार अकरा महिन्यांचा होतो. बारावा महिना लागला की मुले एकतर नवा करार करतात, नाहीतर गाद्या गुंडाळून निघतात. घरमालकाला त्याचे काही वाटत नाही. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तरुण पदवीधरांना काही काळ सरकारी कचेऱ्यांत काम करायला घेणारा मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याची मुदतही अकरा महिनेच होती. त्यामुळे हा कार्यक्रम आम्हा प्रताप नगरवासीयांना पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. भाडेकरूच, फक्त खोली मंत्रालयातली.

दशकपूर्तीच्या निमित्ताने या कार्यक्रमाचा इतिहास लिहायला बसल्यावर पहिली अडचण आली ती ही, की संस्थेचा इतिहास लिहिताना जे हाताशी लागते ते इथे काहीच नाही. कोनशिला नाही, स्वतःची वास्तू नाही, आजीव सभासदांची यादी नाही, दिवाणखान्यात लावलेली संस्थापकांची तसबीर नाही. आहेत ते शासन निर्णय, निवडीच्या जाहिराती आणि दरवर्षी येऊन जाणारी पंचविशीतली मुले-मुली. तरीही दहा वर्षे एखादे काम चालले, मधे तीन वर्षे बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले, तर त्याला संस्था म्हणावेच लागते. बंद पडून उठणे हे तर आपल्याकडच्या बहुतेक संस्थांचे लक्षणच आहे.

पूर्वपीठिका

तरुणांनी शिक्षण संपताच काही काळ सार्वजनिक कामाला द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १२ जून १९०५ रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या दिवशी गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग गोपाळ कृष्ण देवधर, अनंत विनायक पटवर्धन आणि नटेश अप्पाजी द्रविड या तिघांना ती दिली. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. वाचन, देशभर फिरणे, लोक पाहणे. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, असे एक कलम शपथेत होते. गोखल्यांच्या मते राजकारणालाही अभ्यास लागतो आणि अभ्यासाला उमेदवारी लागते. आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही १९१५ मध्ये त्यांनी हेच सांगितले: एक वर्ष फिरा, पाहा, बोलू नका.

समाजाची एक शाखा नागपुरातही होती. पहिल्या तिघांपैकी द्रविड इथे मध्य प्रांताचे काम पाहत. १९११ मध्ये नागपुरातून सुरू झालेले ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र याच परंपरेतले. म्हणजे आकडे, अहवाल आणि अंदाजपत्रक वाचून लोकांच्या बाजूने बोलणारा पगारी नसलेला तरुण या शहराने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला होता. फरक एवढाच की गोखले आयुष्य मागत असत.

त्यानंतर मागणी हळूहळू कमी होत गेली. नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते. त्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. मुले काही दिवस विधान भवनात बसतात, तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी कशी लागते, ते ऐकतात आणि प्रेक्षक गॅलरीतून सभागृह पाहतात. आयुष्याऐवजी आठवडा. पण डिसेंबरच्या थंडीत कोल्हापूर-नांदेडहून आलेली ही मुले परत जाताना वर्तमानपत्रातली विधिमंडळाची बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचतात, हेही खरे.

विदर्भातच या कल्पनेला आणखी एक वळण मिळाले. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. शिबिरांतून तरुणांना आपण कशासाठी जगणार आहोत हा प्रश्न विचारायचा आणि ज्यांना तो स्वस्थ बसू देत नाही त्यांना समाजातल्या खऱ्या प्रश्नांशी जोडायचे. सरकारच्या बाहेर राहून हे काम झाले. सरकारच्या आत जाऊन ते करण्याचा मोठा प्रयत्न केंद्राने केला. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री जयराम रमेश यांनी २०११ मध्ये पंतप्रधान ग्रामीण विकास फेलो योजना जाहीर केली आणि २०१२ मध्ये पहिली तुकडी नक्षलग्रस्त जिल्ह्यांत पोहोचली. प्रशिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, मुदत दोन वर्षे. महाराष्ट्रातले दोन जिल्हे त्यात होते, गडचिरोली आणि गोंदिया. दोन्ही आमच्या विभागातले. जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा, पण महसूल खात्याचा नसलेला, तरुण माणूस इथल्या कचेऱ्यांनी तेव्हा प्रथम पाहिला. पुढे त्या योजनेच्या नव्या तुकड्या निघणे थांबले.

स्थापना

ऑक्टोबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. आमचा प्रताप नगर त्यांच्याच दक्षिण-पश्चिम नागपूर मतदारसंघात येतो, त्यामुळे त्या वर्षी इथल्या चहाच्या टपरीवर मंत्रालयाची चर्चा जरा जास्तच होती. २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. जगात याची उदाहरणे होती. अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये व्हाइट हाउस फेलोशिप सुरू केली होती आणि तिची मुदत एक वर्ष होती. देशातल्या इतर राज्यांतही ही लाट नंतर पसरली. हरियाणाने २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यांसाठी असाच कार्यक्रम काढला.

महाराष्ट्राने एक वेगळी गोष्ट केली. कार्यक्रमाची व्यवस्था नियोजन विभागाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे दिली. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ तयार करणारे हे कार्यालय. मोजणे हाच ज्याचा धंदा, त्याच्या घरी ही पाहुणी मुले उतरली. ही निवड चांगली होती. मात्र ज्या गोष्टी मोजता येत नाहीत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न त्या घरात पहिल्या दिवसापासून होता.

पात्रतेच्या अटी सुरुवातीपासून फारशा बदललेल्या नाहीत. वय २१ ते २६. कोणत्याही शाखेची पदवी, किमान ६० टक्के गुण. एक वर्षाचा कामाचा अनुभव. मराठी लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. शेवटची अट किरकोळ वाटते, पण तिने बरेच काही ठरवले. दिल्ली-बंगळुरूच्या नामांकित संस्थांतून शिकून आलेल्यालाही तलाठ्याची टिपणी वाचता आली पाहिजे, आणि अमरावती किंवा लातूरच्या महाविद्यालयातून आलेल्याला ती आधीच वाचता येते. मराठीच्या या अटीमुळे कार्यक्रम राज्याचा झाला.

सही नसलेला अधिकारी

आमच्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. कार्यक्रमाची पहिली जाहिरात वाचून त्यांनी विचारले होते, “ते पोट्टे तिथं जाऊन करून काय राहिले?” या इतिहासातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच.

फेलोला शासकीय सेवेतल्या गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष दर्जा आहे. पण कशावरही सही करायचा अधिकार नाही. नस्ती त्याच्या टेबलावरून जावी लागत नाही, म्हणून ती त्याच्यामुळे अडतही नाही आणि हलतही नाही. बारनिशीत त्याच्या नावाने टपाल येत नाही. कक्ष अधिकाऱ्याला तो वरिष्ठ नाही, कनिष्ठही नाही. सरकारी कचेरीत ज्याची जागा उतरंडीत कुठेच नाही असा माणूस दुर्मीळ. त्याला काही करून घ्यायचे तर एकच साधन उरते, समोरच्याला पटवणे.

पण त्याला जागा नाही, याचाच उपयोग होतो. कोणत्याही योजनेची माहिती गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मंत्रालयात तक्त्यांच्या वाटेने वर चढते. प्रत्येक पायरीवर तिचा गोषवारा होतो आणि प्रत्येक गोषवाऱ्यात एखादा खड्डा बुजतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे उद्दिष्ट दरवर्षी ५ हजार गावे असे होते. एवढ्या पसाऱ्यात ‘काम पूर्ण’ या रकान्यापुढे बरोबरची खूण असते, पण बंधाऱ्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकले का, हे तिथे जाऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ग्रामसेवकाकडे सात गावे, बीडीओकडे बैठका, जिल्हाधिकाऱ्यांकडे पालकमंत्र्यांचा दौरा. जायला वेळ ज्याच्याकडे आहे तो फेलो. तो जाऊन आला, की तक्त्यातला रकाना आणि शिवारातले वास्तव यांच्यात किती अंतर आहे ते कोणाला तरी प्रत्यक्ष माहीत असते. त्याने ते वर सांगितले आणि वरच्याने ऐकले, तर कार्यक्रमाचे सार्थक झाले. ऐकले नाही, तर निदान त्या एका मुलाला आयुष्यभर कोणताही तक्ता आंधळेपणाने वाचता येणार नाही.

याच काळात कल्पनेला एक फांदी फुटली. राज्यातल्या एक हजार गावांसाठी ग्राम सामाजिक परिवर्तन अभियान उभे राहिले आणि त्यात गावात राहून काम करणारे ग्रामीण विकास फेलो नेमले गेले. त्यांना ‘ग्राम परिवर्तक’ असे नाव मिळाले. मंत्रालयातला फेलो आणि गावातला परिवर्तक. एकाला फाइल कळत होती, दुसऱ्याला फाइलमधले गाव.

खंड

नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार बदलले आणि २०२० मध्ये कार्यक्रम बंद झाला. स्मरणिकेच्या लेखात अशा प्रसंगी ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असे लिहायची रीत आहे. ती रीत इथे पाळण्यात अर्थ नाही. ज्या कार्यक्रमाचे नावच मुख्यमंत्र्यांवरून आहे, त्याचे भाग्यही मुख्यमंत्र्यांबरोबर चढते-उतरते. शासन निर्णयाने जन्मलेली गोष्ट शासन निर्णयाने थांबते. त्यासाठी कोणाचा द्वेष असावाच लागतो असे नाही, नव्या सरकारला आपली प्राधान्ये असतात.

दुर्दैव काळाचे होते. मार्च २०२० नंतर जिल्हा कार्यालयांना जितकी जास्तीच्या, धावणाऱ्या, आकडे जुळवणाऱ्या माणसांची गरज होती, तितकी त्याआधी कधी नव्हती. नेमक्या त्याच वेळी ही फळी नव्हती. पण त्या काळातही कल्पना थांबलेली नव्हती. केंद्राच्या महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिपचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा पातळीवर कौशल्य विकासाचे काम करणाऱ्या या दोन वर्षांच्या फेलोंना शिकवणाऱ्या नऊ भारतीय व्यवस्थापन संस्थांत नागपूरची आयआयएम होती. ही आयआयएम आम्हाला शेजारची. २०१५ मध्ये, म्हणजे मुख्यमंत्री फेलोशिपच्याच वर्षी, ती सुरू झाली ती व्हीएनआयटीच्या आवारात, प्रताप नगरपासून सायकलच्या अंतरावर. २०२२ मध्ये तिच्या मिहानमधल्या स्वतःच्या परिसराचे उद्घाटन झाले. तिची वास्तू झाली, फेलोशिपची अजून व्हायची आहे.

अशा नेमणुका अचानक संपणे हे केवळ महाराष्ट्राचे दुखणे नव्हे. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत उपराज्यपालांच्या निर्णयाने सुमारे ४०० फेलो, सल्लागार आणि तत्सम तज्ज्ञांच्या नेमणुका एका फटक्यात संपल्या. तिथे कारणे वेगळी सांगितली गेली, वादही वेगळा होता. पण धडा एकच. ज्याची नेमणूक कायद्याने नव्हे तर मर्जीने झाली आहे, त्याच्या खुर्चीला तीनच पाय असतात.

दुसरी सुरुवात

जून २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि २०२३ च्या सुरुवातीला कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. या वेळी घडी जास्त नीट बसवलेली दिसते. मुदत बारा महिने झाली. जागा ६०. पहिल्या टप्प्यात ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा, त्यातून वरचे २१० उमेदवार, मग निबंध आणि मुलाखत. एक तृतीयांश जागा महिलांसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाची भर म्हणजे आयआयटी मुंबईच्या सहकार्याने सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम. दिवसा कचेरीत पाहिलेल्या गोंधळाला संध्याकाळी नाव देता यावे, अशी ही सोय. गोखल्यांच्या पाच वर्षांच्या उमेदवारीतले वाचन आणि फिरणे इथे एका वर्षात दुमडून बसवले आहे.

मानधनाच्या आकड्यातही इतिहास वाचता येतो. २०२३ मध्ये दरमहा ७० हजार रुपये छात्रवृत्ती आणि ५ हजार प्रवासखर्च, एकूण ७५ हजार. डिसेंबर २०२४ मध्ये फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर निघालेल्या २०२५-२६ च्या तुकडीसाठी ५६ हजार १०० आणि ५ हजार ४००, एकूण ६१ हजार ५००. अनेकांना यात फक्त कपात दिसली. पण ५६,१०० हा आकडा हवेतून आलेला नाही. सातव्या वेतन आयोगात नव्याने रुजू होणाऱ्या उपजिल्हाधिकाऱ्याचे मूळ वेतन तिथूनच सुरू होते. दर्जा गट-अचा म्हटला होता, आता पैसाही त्याच ओळीत आणून ठेवला. आधीचा आकडा बाजाराकडे पाहून ठरवल्यासारखा होता, नंतरचा सेवापुस्तिकेकडे पाहून. व्यवस्थेने या पाहुण्याला घरातल्या मापाने मोजायला सुरुवात केली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

प्रताप नगरातून पाहताना

प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर हा सगळा पट्टा निवृत्तांचा आणि विद्यार्थ्यांचा. गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत. सकाळी सहाला कुलूप उघडते, रात्री अकराला लागते. टेबलावर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या, पाण्याची बाटली, लक्ष्मीकांत यांचे राज्यव्यवस्थेवरचे पुस्तक आणि ‘लोकराज्य’ मासिकाचे अंक. इथली बहुसंख्य मुले राज्यसेवेची किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करतात. सीताबर्डीला जुन्या मॉरिस कॉलेजातले शासनाचे प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र हे त्यांचे पहिले स्वप्न.

फेलोशिपने या अभ्यासिकांत एक नवा शब्द आणला. आधी इथे दोनच अवस्था होत्या, ‘तयारी’ आणि ‘पोस्ट’. पोस्ट निघाली तर पेढे, नाही निघाली तर तिशीपर्यंत तयारी. सरकारात काम करायचे पण आयुष्यभराचा नोकरदार व्हायचे नाही, किंवा आधी आत जाऊन पाहायचे आणि मग ठरवायचे, असा तिसरा रस्ता इथे कोणाच्या डोक्यात नव्हता. साठ जागांनी राज्यातल्या लाखो तयारीवाल्यांचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. पण बापाला सांगायला एक वाक्य मिळाले. आणि एक सूक्ष्म फरकही पडला. स्पर्धा परीक्षेतला मुलगा योजनेची सुरुवात कोणत्या वर्षी झाली ते पाठ करतो. फेलोशिपच्या मुलाखतीची तयारी करणारा ती आपल्या आजीच्या गावात का पोहोचली नाही ते शोधायला लागतो.

या कौतुकाला एक टाचणीही लावली पाहिजे. एक वर्षाच्या अनुभवाची आणि ६० टक्क्यांची अट पार करून, मुंबईला मुलाखतीला जाऊ शकणारा उमेदवार बहुधा आधीच थोडा सावरलेला असतो. ज्याच्या घरी पदवीनंतर लगेच कमाई सुरू व्हावी लागते, त्याला अनुभव मिळतो तोच मुळी पोटासाठी. इंटर्नशिप, आर्टिकलशिप आणि स्वयंरोजगारही अनुभवात धरला जातो ही चांगली तरतूद आहे. ती अभ्यासिकेच्या फलकावर ठळक लावली पाहिजे, कारण ती सगळ्यात जास्त ज्यांना हवी त्यांनाच माहीत नसते.

चार्ज

सरकारी नोकरीत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. शिपायापासून सचिवापर्यंत कोणी सुटत नाही. कपाटाच्या किल्ल्या, प्रलंबित नस्त्यांची यादी, साठा नोंदवही, खाली दोघांच्या सह्या. फेलोच्या ताब्यात काहीच नव्हते म्हणून त्याने चार्ज द्यावा असे कोणाच्या मनात येत नाही. बारा महिने संपतात, निरोपसमारंभ होतो, प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या डोक्यातला जिल्हा त्याच्याबरोबर निघून जातो. पुढच्या वर्षी नवा फेलो येतो आणि कोणत्या तालुक्यात कोणता अधिकारी खरे बोलतो हे शोधण्यात त्याचे पहिले तीन महिने जातात.

मुदत लहान ठेवण्यात चूक नाही. पाहुणा आहे म्हणूनच त्याला खरे दिसते. राहिला तर तोही घरातलाच होईल, आणि मग घरातल्यांना जे दिसत नाही ते त्यालाही दिसणार नाही. पण माणसे जाणार हे ठरलेले असेल, तर लक्षात ठेवण्याचे काम संस्थेने करायचे असते. गोखल्यांच्या समाजात आठवण माणसांत राहत असे, कारण माणसे जन्मभर राहत. इथे ती कागदावरच राहू शकते.

माझ्या वरच्या खोलीच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे. नळाची वेळ, डबेवाल्या ताईंचा नंबर, कोणत्या प्लगमध्ये ठिणगी उडते, पावसाळ्यात कोणती खिडकी लावायची नाही. आधीच्या मुलींनी लिहिला, नंतरच्यांनी त्यात भर घातली. तीन अक्षरे वेगवेगळी आहेत. माझ्याशी केलेल्या करारात यातले काहीच नाही.

दुसऱ्या दशकासाठी या कार्यक्रमाकडे माझी मागणी एवढीच. वास्तू नको, कोनशिला नको. जाणाऱ्या प्रत्येक फेलोने येणाऱ्यासाठी दोन पानांचा चार्ज लिहावा. काय पाहिले, कोणते काम अर्धे राहिले, कोणता रकाना खोटा आहे. संचालनालयाने तो जपावा, आणि सरकार बदलले तरी जपावा. साठ जणांची एकशे वीस पाने होतात. आर्थिक पाहणी छापणाऱ्या कार्यालयाला ती जड नाहीत.